आद्याक्षरांची भाऊबंदकी

इंग्रजी तिसरीत असताना आम्हांला जे मास्तर लाभले होते, त्यांची शब्द पाठ करून घेण्याची तऱ्हा जगावेगळी होती. धड्यात येतील तसे शब्द न घेता ते कोशाच्या क्रमाने, एका वेळी एकेका अक्षरजोडीचा फडशा पाडीत जात, आणि त्यामुळे ज्या आठवड्यात 'एस-एन'ची पाळी आली त्या आठवड्यात स्नाउट म्हणजे मुस्कट, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नफ म्हणजे तपकीर, स्निव्हल म्हणजे नाक ओढीत रडणे आणि स्नीअर म्हणजे नाक मुरडणे, अशी घोकंपट्टी साऱ्या वर्गात चालली होती. त्या माळेत नाकाखेरीज दुसरे काही दिसेना, म्हणून मी भीत भीत उभा राहून विचारले, की या सर्वांचा नाकाशी संबंध असणे हा निव्वळ योगायोग समजावा काय? मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि "नाक पुस्तकात घाल, म्हणजे कळेल," एवढे बोलून ते 'एस-ओ'कडे वळले. त्या आज्ञेचे पालन मी पुढे पुष्कळ वर्षे, जमेल तसे आणि जमेल तेव्हा, करीत आलो. त्यातून जे हाती लागले त्याची ही कैफियत आहे.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध की मानवाने ठरवलेला, हा वाद आपल्याकडे आणि ग्रीकांकडेही फार पुरातन आहे. जैमिनीने तो औत्पत्तिक, म्हणजे मुळातच असलेला, असे सांगितले. नैयायिकांनी तो संकेताने ठरतो असे मानले. आणि यास्काच्या निरुक्तात तर 'काक' हे नाव त्या पक्ष्याच्या आवाजावरून पडले असे म्हटल्याबरोबर, अशी शब्दानुकृती मुळी नसतेच असे म्हणणाऱ्या औपमन्यवाची साक्षही तेथल्या तेथे नोंदवून ठेवलेली आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात हाच वाद सॉक्रेटिसाच्या मुखाने, अर्धा गंभीरपणे आणि अर्धा थट्टेने, चाललेला दिसतो. अर्वाचीन काळी फेर्दिनां द सोस्यूर या स्विस पंडिताच्या व्याख्यानांचा ग्रंथ 1916 साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला, आणि शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध यदृच्छ आहे, असा फैसला त्यात दिला गेला. तो फैसला मला मान्य आहे; ज्याला आपण झाड म्हणतो त्याला इंग्रज ट्री म्हणतो आणि त्यामुळे झाडाच्या सावलीत काही फरक पडत नाही. तथापि खटला निकालात निघाला तरी दप्तरात काही कागद शिल्लक राहतात, आणि ते वाचण्यातच मौज असते.

आद्याक्षरे जुळणाऱ्या शब्दांमध्ये पहिला हक्क अर्थातच रक्ताच्या नात्याचा. हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, व्हिच हे इंग्रजीतील प्रश्नार्थक शब्द 'डब्ल्यू-एच'ने सुरू होतात, आणि आमचे कोण, काय, केव्हा, कुठे, का, कसा, किती हे 'क'ने; हे दोन्ही गोतावळे मुळात एकाच घरचे. जेथे संस्कृताने 'क' राखला आणि लॅटिनने 'क्व' राखला, तेथे जर्मानिक भाषांत त्याचा 'ह्व' झाला, आणि असे बदल नियमाने होतात हे याकोब ग्रिमने 1822 साली दाखवून दिले. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'एच-डब्ल्यू' अशा क्रमाने, म्हणजे उच्चाराला धरून, लिहीत. नॉर्मन विजयानंतरच्या लेखनिकांनी अक्षरांची उलटापालट करून ठेवली, आणि इंग्रजी शिकणारी पोरे आजतागायत त्याचा भुर्दंड भरीत आहेत. त्यातला 'हाउ' तेवढा घर सोडून 'एच'कडे राहायला गेला, पण रक्त तेच. तसेच दॅट, देन, देअर यांचा 'टी-एच' आणि आमच्या तो, तेव्हा, तिथे यांचा 'त' हेही सख्खे चुलतभाऊ. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाविषयी जे भाषण केले, त्याचा दाखला द्यायला मोठमोठे ग्रंथ चाळण्याची गरज नाही. मराठी मुलाच्या तोंडचे प्रश्न आणि इंग्रज मुलाच्या तोंडचे प्रश्न शेजारी शेजारी मांडले म्हणजे पुरे.

'के-एन'चे घराणे याहूनही मजेचे आहे. नी म्हणजे गुडघा, तो आपला 'जानु'. नो म्हणजे जाणणे, तो आपला 'ज्ञा' धातू. इंग्रजाने त्यातील 'के' लिहायचा ठेवला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास उच्चारायचा सोडला; जर्मन लोक गुडघ्याला 'क्नी' म्हणून तो अद्याप उच्चारतात. याबद्दल इंग्रजाला हसण्यापूर्वी आपण 'ज्ञ' हे अक्षर कसे लिहितो आणि 'द्न्य' असे कसे उच्चारतो याचा विचार करावा. एकाच धातूच्या आद्याक्षरांशी दोन देशांनी दोन प्रकारची बेइमानी केलेली आहे. याच दारातून नाइट आणि नेव्ह असे आणखी दोघे जण बाहेर पडले. दोघांचाही मूळ अर्थ पोरगा, हाताखालचा गडी. एकाला पुढे घोडा, ढाल आणि सरदारकी मिळाली, दुसऱ्याच्या वाट्याला लबाडाची बदनामी आली आणि अखेर तो गंजिफाच्या पानावर गुलाम होऊन बसला. सरदार आणि गुलाम यांचे कूळ एक निघावे, हे आपल्या इनामदारांच्या वंशावळी ज्यांनी धुंडाळल्या आहेत त्यांना फारसे नवल वाटण्याजोगे नाही.

पण त्याच 'के-एन'मध्ये नॉट म्हणजे गाठ, नॉब म्हणजे मूठ, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नोल म्हणजे टेकाड असेही शब्द आहेत, आणि या साऱ्यांत, गुडघ्यासकट, एक लहानसा गोल उंचवटा हाताला लागतो. हे सर्व एकाच मुळाचे असतील असे सिद्ध करता येत नाही. मग हा उंचवटा आला कोठून? येथे रक्ताच्या नात्याचा पुरावा संपतो आणि दुसऱ्याच एका प्रकारचा हक्क सुरू होतो, ज्याला आमच्या महसुली भाषेत वहिवाट म्हणतात. वारसाने जमीन मिळते ती एक, आणि वर्षानुवर्षे कसल्यामुळे जिच्यावर कोणी हरकत घेत नाही ती दुसरी. शब्दांनाही अर्थ या दोन्ही वाटांनी मिळतो, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व मजकूर त्या मताच्या पुष्ट्यर्थ आहे.

'डब्ल्यू-आर' पाहा. रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे जेथे हात वळतो ते मनगट, रेसल म्हणजे कुस्ती खेळणे, रीथ म्हणजे गुंफलेले फुलांचे कडे, रेंच म्हणजे हिसडा देऊन पिरगळणे, रिगल म्हणजे वळवळणे, राय म्हणजे वेडेवाकडे, राइद म्हणजे वेदनेने पिळवटणे. आणि ज्या क्रोधाने माणसाचे तोंड वेडेवाकडे होते तो रॉथ. यांतील बहुतेकांचे नाते व्युत्पत्तिकार संस्कृत 'वृत्', म्हणजे फिरणे-वळणे, या धातूच्या कुळाशी जोडतात. परंतु रॅप म्हणजे गुंडाळणे हा शब्द कोठून आला ते कोशकारांना उमगलेले नाही, आणि तरी तो या पंगतीत असा बसला आहे की जणू पिढीजात मानकरीच. उलट राइट म्हणजे लिहिणे हा दगडावर ओरखडे काढण्याच्या अर्थाचा शब्द, त्याला वळणाचा गंधही नव्हता; अक्षराला वळण हवे असे आपण म्हणतो ते आपल्या बाजूचे. या घराण्याचा खरा कुलदीपक म्हणजे राँग. नॉर्स लोकांच्या भाषेतील 'वाकडा' या अर्थाचा हा शब्द इंग्लंडात आला आणि नीतीच्या प्रांतात शिरून 'चुकीचे', 'अन्यायाचे' असे सांगू लागला. वाकडे पाऊल पडले, वाकड्या वाटेने गेला, वाकड्यात शिरला असे बोलणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून देण्याची गरज नाही.

किंबहुना आमचा 'व' हा इंग्रजांच्या 'डब्ल्यू-आर'ला जाब विचारू शकेल इतका समृद्ध आहे. वळणे, वाकणे, वेढणे, वळसा, वळकटी, विळखा, वेटोळे, वेणी, वाटोळे, वळवळ. यांत कोणी 'वक्र'पासून आलेला, कोणी 'वेष्ट्'पासून, कोणी 'वर्तुळ'पासून, म्हणजे घराणी निरनिराळी, आणि तरीही सगळ्यांच्या अंगात एकच पीळ. वाटोळे म्हणजे गोल, आणि वाटोळे झाले म्हणजे सत्यानाश झाला. गोलाईतून नाशाकडे आम्ही गेलो आणि वाकडेपणातून चुकीकडे इंग्रज गेला, यात अधिक लांबचा प्रवास कोणाचा ते वाचकाने ठरवावे. दिवाळीच्या पणतीत जी वात आपण जाळतो ती संस्कृत 'वर्ति', म्हणजे वळलेली. तेव्हा मांडीवर कापूस घेऊन वाती वळणारी आजी आणि इंग्रजाचे मनगट या दोहोंचे मूळ त्याच 'वृत्'च्या कुळात सापडते. लाडूही आपण वळतोच. मात्र त्यासाठी इंग्रजाकडे शब्द नाही, कारण त्याच्याकडे लाडू नाही.

आता 'जी-एल'. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लेअर, ग्लॉस, ग्लास, अशी ही दीपमाळ प्रसिद्धच आहे. चकाकणे किंवा पिवळेपणा या अर्थाचे एक अतिप्राचीन मूळ हिच्या बुडाशी आहे असे पंडित मानतात. त्याच मुळापासून इंग्रजीत गोल्ड आणि यलो निघाले, संस्कृतात 'हरि', 'हरित' आणि 'हिरण्य' निघाले, आणि 'हरिद्रे'च्या द्वारे आपली हळदही निघाली. म्हणजे पहिल्या आंघोळीच्या उटण्यातील हळद आणि खिडकीची काच ही परस्परांची दूरची नातलग ठरतात. ग्लॅड म्हणजे आनंदी, याचा जुना अर्थ तेजस्वी असाच होता. इथवर वारसा झाला. परंतु ग्लान्स म्हणजे ओझरता कटाक्ष हा बहुधा 'घसरणे' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला. तलवारीचा वार निसटता लागावा तशी ही नजर, आणि तरी 'जी-एल'च्या उजेडात राहता राहता ती डोळ्यांची झाली.

याहूनही बहारीची गोष्ट ग्लॅमरची. हा शब्द म्हणजे 'ग्रामर'चेच, अर्थात व्याकरणाचेच, स्कॉटलंडात झालेले रूपांतर होय. ज्या काळी लिहिता-वाचता येणे हीच एक सिद्धी होती, त्या काळी व्याकरण जाणणारा तो मंत्रतंत्रही जाणत असणार, अशी लोकांची समजूत असे. म्हणून ग्रामरचा एक अर्थ जादूटोणा असा झाला, स्कॉट लोकांच्या जिभेवर 'आर'चा 'एल' झाला, 'दृष्टीला पडलेली भुरळ' या अर्थाने तो अठराव्या शतकात लिहिला जाऊ लागला आणि पुढे सर वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने सर्वत्र पसरला. आज हा शब्द चित्रपटातील नटनट्यांच्या झगमगाटाला लावतात. 'आर' जाऊन 'एल' आला नसता तर हे तेज त्याला लाभले असते काय, याची मला शंका आहे. घर बदलल्याने नशीब बदलते असे वास्तुशास्त्री सांगतात, त्याचा मला पटलेला एवढाच एक पुरावा. एरव्ही ज्या व्याकरणाच्या तासाला आम्ही जांभया दिल्या, त्याच्या कुळात सौंदर्याची ही पोर जन्मली, हे कोणाला सांगून खरे वाटावे?

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. 'ग्ल' या ध्वनीतच तेज आहे असे कोणी म्हणू लागला, तर त्याने 'क्रॅटिलस' उघडावा. तेथे सॉक्रेटिस सांगतो, की 'ल' म्हणताना जीभ घसरते आणि 'ग' तिला अडवतो, म्हणून ग्रीकांचे चिकट, गोड आणि बुळबुळीत या अर्थांचे शब्द 'ग्ल'ने सुरू होतात. ग्रीकाला 'ग्ल' म्हटले की मध आठवे, इंग्रजाला दिवा आठवतो, आणि आपल्याला? आपल्याला ग्लानी आठवते, म्हणजे तेज मावळणे. एकाच जोडाक्षराचे तीन देशांत तीन अर्थ, आणि त्यांतला आमचा तर इंग्रजांच्या अगदी उलट. 'स्न'चीही तीच कथा. जेथे इंग्रज शिंकतो आणि घोरतो, तेथे आपण स्नान करतो, स्निग्ध होतो आणि स्नेह जोडतो. अभ्यंगस्नानाच्या सकाळी या अक्षरजोडीचा आमच्याकडील सर्व अर्थ तेलापाण्यासह अंगावरून वाहत असतो, त्यात नाकाचा काही संबंध नाही. आमच्या नाकाची सोय शिंक, शिंकरणे आणि शेंबूड या 'श'कारी मंडळींनी पाहिलेली आहे.

तेव्हा मास्तरांनी अर्धवट सोडलेल्या त्या 'एस-एन'कडे परत जाऊ, कारण वहिवाटीने हक्क कसा मिळतो हे जितके स्पष्ट तेथे दिसते तितके अन्यत्र कोठेही दिसत नाही. आज ज्याला स्नीझ म्हणतात तो शब्द जुन्या इंग्रजीत 'एस-एन'ने सुरू होतच नव्हता. तो 'एफ-एन'ने सुरू होणारा 'फ्नेओसान' होता. त्या काळी 'एफ-एन'चे एक लहानसे स्वतंत्र घराणेच इंग्रजीत नांदत होते, श्वासाला 'फ्नास्ट' म्हणत, आणि त्या घराण्याचा धंदा मुख्यतः फुसफुसण्याचा व फुरफुरण्याचा होता. चॉसर 1400 साली वारला; त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधील दारू प्यालेला आचारी 'एफ-एन'नेच शिंकतो. पुढे हे घराणे खालसा झाले. काही ठिकाणी आरंभीचा 'एफ' गळून नुसते 'नीझ' उरले, आणि 1611 साली छापलेल्या राजा जेम्सच्या बायबलात ते रूप आढळते. पण जनतेने अखेर पत्करले ते 'स्नीझ'. त्या काळच्या लिपीत लांब 'एस' आणि 'एफ' यांच्यात एका आडव्या रेघेचाच काय तो भेद असे, तेव्हा वाचणाऱ्यांच्या चुकीचाही यात हात असावा, अशी एक उपपत्ती आहे. चूक असो वा नसो, ती रुजली याचे कारण शेजार. स्नाउट आणि स्नॉट आधीपासूनच त्या आळीत राहत होते. नाकाची सर्व वस्ती तेथे असताना शिंकेने वेगळे बिऱ्हाड करण्यात स्वारस्य ते काय?

एकदा आळीचे नाव झाले, की बाहेरगावची माणसेही तेथेच उतरू लागतात. तपकीर ओढण्याचा षोक इंग्लंडात गेला, तेव्हा तिचे नाव डच लोकांकडून 'स्नफ' म्हणूनच आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना जी हवा ओढून घेण्याची नळी बसवली, तिच्या जर्मन नावावरून स्नॉर्कल झाला. स्नॉब हा मूळचा चांभार. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या बोलीतून तो गावातल्या सामान्य माणसाला चिकटला, आणि थॅकरेच्या 1848 सालच्या 'बुक ऑफ स्नॉब्स'नंतर, वरच्यांपुढे लवणाऱ्या आणि खालच्यांकडे नाक वर करून पाहणाऱ्या माणसाला तो कायमचा लागू झाला. चांभाराचे नाव नाक उडवणाऱ्याला पडावे, यात त्या दोन अक्षरांचा काहीच वाटा नसेल असे मला वाटत नाही. हे सर्व कबूल करूनही स्नो, स्नेक आणि स्नेल, म्हणजे हिम, सर्प आणि गोगलगाय, त्याच आळीत राहतात आणि त्यांना नाकाशी कर्तव्य नाही, हे दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या साऱ्याची पहिली पद्धतशीर टिपणे करणारा इंग्रज हा भाषापंडित नव्हता, गणिती होता. ऑक्सफर्ड येथे भूमितीच्या अध्यासनावर असलेला आणि अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह 1655 साली प्रचारात आणणारा जॉन वॉलिस, याने 1653 साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात 'डब्ल्यू-आर'ला वाकडेपणा, 'एस-टी-आर'ला जोर, असा अक्षरजोड्यांचा जणू जमाबंदीचा तक्ताच मांडला. डॉक्टर जॉन्सनने आपल्या 1755 सालच्या कोशाच्या आरंभी जोडलेल्या व्याकरणात वॉलिसचे हे म्हणणे सविस्तर दिले आहे आणि मग, कल्पना चतुर खरी पण तिच्यात सूक्ष्मता जितकी आहे तितकी भरीवता नाही, असा शेरा मारला आहे. जॉन्सनचा शेरा मला अर्धाच पटतो. वॉलिसला बीज दिसले होते. जमीन मात्र त्याने चुकीची धरली, कारण तो अर्थ ध्वनीत शोधीत होता आणि अर्थ होता सहवासात.

ती दुरुस्ती करणाऱ्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. जे. आर. फर्थ हे 1919 ते 1928 या काळात लाहोरच्या पंजाब विश्वविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. स्वदेशी परतल्यावर 1930 साली 'स्पीच' नावाच्या छोट्या पुस्तकात त्यांनी अशा अर्थसूचक अक्षरजोड्यांना 'फोनेस्थीम' असे नाव दिले. हा अर्थ त्या ध्वनीत जन्मजात असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. एकसारखे शब्द एकसारख्या प्रसंगी ऐकून ऐकून कानाला जी सवय लागते, तिचे हे फळ, असे त्यांचे मत होते. आपल्या साहित्यशास्त्राने अभिधा आणि लक्षणा यांच्यापलीकडे व्यंजना नावाची जी शक्ती मानली, तिची ही गरीब, बाजारात वावरणारी बहीण म्हणायला हरकत नाही. आनंदवर्धनाच्या ध्वनीशी मात्र तिची गल्लत करू नये.

नुसत्या कानाच्या साक्षीवर ज्यांचा विश्वास नाही, त्यांच्यासाठी अलीकडचा दाखला देतो. अमेरिकेत 1961 साली छापलेल्या मजकुरातून सुमारे 10 लाख शब्दांचा एक नमुना तयार केलेला आहे. बेंजामिन बर्गन या संशोधकाने 2004 साली दिलेल्या आकड्यांनुसार, त्या नमुन्यातील 'जी-एल'च्या निरनिराळ्या शब्दांपैकी 39 टक्के शब्द प्रकाशाशी किंवा दृष्टीशी निगडित आहेत, आणि ते किती वेळा वापरले गेले हे मोजले तर प्रमाण 60 टक्क्यांवर जाते. 'एस-एन'मध्ये नाकातोंडाचे शब्द 28 टक्के, आणि वापराने 19 टक्के. त्याने माणसांवर प्रयोगही केले: पडद्यावर आधी ग्लिटर आणि पाठोपाठ ग्लो दाखवले, तर दुसरा शब्द लोक अधिक झटकन ओळखतात, नुसती अक्षरे जुळली किंवा नुसता अर्थ जुळला तर तितका फायदा होत नाही. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखावे तसे हे शब्द माणसाच्या डोक्यातही एकमेकांना ओळखतात.

आता आपल्या घराकडे. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली मुंबईस निघाली. तिच्यात अनुकरणवाचक शब्दांना निराळी खूण केलेली असल्यामुळे 'झ', 'ख' किंवा 'भ'ची पाने उघडली की अशा शब्दांची खाण हाती लागते. झळकणे, झळाळी, झगमग, झगझगीत ही आमची 'जी-एल'. फिसकटणे, फसफसणे, फुरफुरणे हे कदाचित आमचे मोडलेले 'एफ-एन'. मी गेली काही वर्षे 'व'ने सुरू होणारे, वळण्याचे, वाकण्याचे आणि वेढण्याचे शब्द एका वहीत उतरवून घेत आहे. ग्रंथांतले शब्द बहुतेक सापडले आहेत. परंतु शेतात, मागावर, दोरखंड वळणाऱ्यांच्या आणि बुरुडांच्या तोंडी जे असतील, ते कोशात सापडत नाहीत. वऱ्हाड, खानदेश, कोकण, गोमंतक आणि तंजावरकडील मराठी घरांतील वाचकांनी आपल्याकडचे असे शब्द, ते कोण आणि कोणत्या कामाच्या वेळी वापरतो या तपशिलासह, या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. पोस्टकार्डावर एकच शब्द असला तरी चालेल.